भाडं वाया जाऊ नये म्हणून

शुक्रवारी सकाळी दहा वाजता एक मुलगा काळी पिशवी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "सर, पीएस फोर, दोन रिमोट, तीन सीडी, सोमवारी दहाला परत," एवढं एका दमात म्हणून, माझी सही घेऊन तो जिना उतरूनही गेला. पिशवी माझी नव्हती, पुतण्याची होती. कॉलेजला सुट्टी म्हणून तो तीन दिवस आमच्याकडे येणार होता. हल्ली व्हिडिओ गेमचं हे यंत्र घरपोच भाड्याने मिळतं, तेव्हा त्याने ते आमच्याच पत्त्यावर मागवलं होतं. गुरुवारी रात्री कॉलेजने सुट्टी रद्द करून परीक्षा लावली. त्याचा फोन आला, "काका, भाडं भरलंय. परत मिळत नाही. आता तुम्हीच खेळा."

'भाडं भरलंय' आणि 'परत मिळत नाही' ही दोन वाक्यं लागोपाठ कानावर पडली की पुण्यात वाढलेल्या माणसापुढे एकच रस्ता उरतो. मी ऑफिसात फोन करून खोकला झाल्याचं कळवलं. खात्री पटावी म्हणून दोनदा खोकूनही दाखवलं. हा खोकला पुढे मला भोवणार होता, पण ते मागाहून.

भाड्याच्या वस्तूंशी माझा संबंध जुना. सायकल मी तासाच्या भाड्याने शिकलो. पहिले काही तास चढायला शिकण्यात गेले, पुढचे चालवायला. उतरायला शिकायची वेळ आली तेव्हा मे महिना संपला. त्यानंतर कित्येक महिने मी सायकल एखाद्या भिंतीपाशी नेऊन, भिंतीच्या मदतीने थांबवत असे. भाड्याच्या वस्तूचं हे असं असतं. सुरुवात आपली, शेवट मालकाचा.

व्हिडिओ गेमही मी भाड्यानेच पाहिला. १९९०च्या आसपास आमच्या भागातल्या कॅसेट लायब्ररीत सिनेमांच्या कॅसेटींच्या खालच्या फळीवर गेमच्या कॅसेटी आल्या. यंत्र जपानी निन्टेन्डोच्या खेळयंत्राची नक्कल, आणि कॅसेट त्या नकलेची नक्कल. कॅसेटीवर 'नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव गेम' असं छापलेलं असे. त्यात खरे गेम पाच-सहा, बाकी तेच पुन्हा वेगळ्या नावाने. एकदा गच्चीवर बसून आम्ही वेगवेगळे गेम मोजले होते, आणि लायब्ररीवाल्याकडे तक्रारही नेली होती. तो म्हणाला, "नऊ लाख खेळायला वेळ आहे का तुझ्याकडे?" याला उत्तर नव्हतं.

कॅसेट चालली नाही की काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे आमचं तंत्रज्ञान. कॉन्ट्रा हा आमचा मुख्य गेम. दोघांनी मिळून खेळायचा. त्यात तिसऱ्या स्टेजला धबधबा असे. धबधब्यावर एक जण भराभर वर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर सरके आणि खाली राहिलेला दुसरा आपोआप मरे. त्या धबधब्यावर आमच्या वाड्यात जेवढी मैत्री तुटली तेवढी पुढे मालमत्तेच्या वाटण्यांवरूनही तुटली नाही. तरी एक गोष्ट होती, बटणं दोन. एकाने उडी, दुसऱ्याने गोळी. जगायला एवढं पुरत असे.

पिशवीतला रिमोट काढून मी जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि बटणं मोजली. समोर चार, डावीकडे बाणांची चार, खांद्यावर चार, मधोमध तीन. बोटाने फिरवायच्या दोन काड्या आहेत त्यासुद्धा दाबल्या की बटणं होतात. मधली गुळगुळीत पट्टी काय म्हणून दाबून पाहिली, तर तेही बटण. एकूण अठरा. गीतेचे अध्याय तेवढेच, आणि तेही माझे बाराव्यापुढे गेलेले नाहीत.

पहिली सीडी 'गॉड ऑफ वॉर'ची, २०१८ सालची. ती यंत्रात सरकवली तर खेळाआधी कामकाज सुरू झालं. आधी सीडीतला मजकूर यंत्रात उतरवून घेणं. मग 'अपडेट' नावाचं प्रकरण. ते इंटरनेटवरून येतं आणि आमच्याकडे इंटरनेट जेवढ्या धारेने येतं त्यावर बादली भरायलाही तास लागेल. टीव्हीच्या पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती आणि प्रत्येक मुंगीपावलाला मला भाड्याचे पैसे दिसत होते. रिक्षा सिग्नलला उभी असताना मीटरकडे पाहावं, तसं. कॅसेटच्या काळी फुंकर मारली की काम होई. इथे मी सीडी काढून सवयीने फुंकर मारलीही. यंत्राने सीडी घालण्याची विनंती केली आणि बाकी काही नाही.

जेवणानंतर गेम सुरू झाला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या लायकीबद्दल. कोणत्या पातळीवर खेळणार? पर्याय चार. सगळ्यात सोप्या पातळीचं नाव 'मला गोष्ट सांगा' अशा अर्थाचं. सगळ्यात अवघड पातळीचं नाव 'मला गॉड ऑफ वॉर द्या'. माणसाला अपमान न वाटता सोपं निवडता यावं, म्हणून कोणीतरी बराच विचार केलेला दिसतो. आमच्या शाळेत हे असतं तर गणितात 'मला गोष्ट सांगा' घेऊन मी पहिल्या श्रेणीत आलो असतो. मी खोलीत कोणी नाही हे पाहिलं आणि गोष्ट घेतली.

युद्धदेवाचा गेम म्हणजे सुरुवातीलाच हाणामारी असणार या समजुतीने मी अठरा बटणांवर दहा बोटं पसरून तयार बसलो होतो. तर दाढीवाला, अंगावर लाल पट्टा रंगवलेला क्रेटॉस नावाचा बाप्या जंगलात एक झाड तोडत होता. कुऱ्हाडीचे घाव घालायचे, बस्स. शेजारी कोवळं पोर उभं. मग कळलं की याची बायको गेली आहे आणि ही लाकडं तिच्या चितेसाठी आहेत.

तेवढ्यात आमची ही कपडे वाळत घालायला निघाली होती, ती दारातच थांबली. "कोण गेलं?"

"त्यांची मिसेस."

"अगं बाई." ती बादली ठेवून बसली. पडद्यावर त्या पोराने आणि बापाने चिता रचली. मग राख गोळा करून क्रेटॉसने कमरेच्या पिशवीत बांधली. त्या बाईची शेवटची इच्छा एकच होती, तिची राख साऱ्या प्रदेशातल्या सर्वांत उंच शिखरावरून सोडावी. तर सगळा खेळ त्यासाठी. हिने लगेच विचारलं, "जवळपास नदी नाही का?" मी म्हटलं, आहे वाटतं. "मग एवढ्या लांब कशाला? माणसाच्या इच्छाही एकेक." पण उठली नाही. तिचे वडील गेले तेव्हा अस्थी नाशिकला नेताना मेव्हण्याने एसटीत कलश मांडीवरून खाली ठेवला नव्हता, ती हकीकत तिने मला पुन्हा एकदा सांगितली, आणि मग पडद्यावरच्या राखेच्या पिशवीकडे बघत म्हणाली, "याने कमरेला बांधलीय ते बरं केलं."

मारामारीच्या खेळात घरातली बाई अशी रमावी, हे मला नवीन होतं. नॉर्वेच्या बाजूच्या जुन्या दंतकथांवर रचलेला हा खेळ, पण त्यातला बाप अस्सल आपला. पोराला तो सहसा नावाने हाक मारत नाही. नुसतं 'पोरा'. पोराने हरणाला बाण मारला आणि नेम चुकला, तर बाप असा खेकसतो की मी सोफ्यावर ताठ बसलो. माझ्या वडिलांनी मला दहावीपर्यंत 'ए' आणि दहावीच्या निकालानंतर 'अहो शहाणे' याखेरीज हाक मारल्याचं आठवत नाही. एकदा क्रेटॉस पोराच्या खांद्यावर हात ठेवायला जातो आणि अर्ध्यातून हात मागे घेतो. आम्ही दोघंही काही बोललो नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा उठलो.

या खेळात कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही तुटत नाही, सगळं एकाच सलग नजरेने दिसतं, असं पुतण्याने सांगितलं होतं. करणाऱ्यांनी फार कष्टाने साधलेली गोष्ट आहे म्हणे. आमच्या घरी तिचा परिणाम असा झाला की 'आता सीन संपला की येतो' हे वाक्य मला म्हणता येईना. सीन संपतच नव्हता.

मला आवडली ती कुऱ्हाड. फेकायची, ती कोणाच्या तरी छातीत नाहीतर झाडात जाऊन रुतते, आणि त्रिकोणाचं बटण दाबलं की गिरक्या घेत परत येऊन हातात बसते. बसते तेव्हा रिमोटला हादरा बसतो. सबंध दुपार मी शत्रूंपेक्षा झाडांनाच जास्त मारलं, केवळ कुऱ्हाड परत येण्याच्या सुखासाठी. माझ्या आजवर पाच छत्र्या पीएमटीच्या बसमध्ये राहिल्या. एक तरी अशी यावी.

संध्याकाळी दार वाजलं. गेममधलं. दारात एक किडकिडीत, उघडाबंब, अंगभर गोंदलेला माणूस. वर्गणी मागायला आल्यासारखा. आडदांड क्रेटॉस पाहून मला वाटलं, एका फटक्यात काम होईल. त्या काडीपैलवानाने क्रेटॉसला एका ठोशात छपरावरून पलीकडे फेकलं. पुढचा पाऊण तास तो मला डोंगरातून, दगडातून, झाडांतून आरपार काढत होता. मला गोष्ट सांगा म्हटलं होतं, ती ही.

शनिवार सकाळ. दुसरी सीडी, 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी', २०१७ची. ही मी उत्सुकतेने लावली. डब्यामागे लिहिलं होतं की कथा भारतात घडते आणि पश्चिम घाटात. म्हणजे आपला सह्याद्री! अमेरिकेतल्या कंपनीने आपला सह्याद्री खेळात घातला आणि मी तो भाड्याने घेऊन हॉलमध्ये लावला, याचा मला उगाचच अभिमान वाटला.

क्लोई नावाची बाई आणि नदीन नावाची तिची जोडीदारीण गणपतीचा सुळा शोधायला निघतात. तो होयसळांच्या हरवलेल्या राज्यात दडलेला आहे आणि मागे आसव नावाचा खलनायक लागलेला. हरवलेलं राज्य हे ऐकून ही किचनमधून म्हणाली, "होयसळ म्हणजे बेलूर-हळेबिडूच ना? आपण म्हैसूरच्या ट्रिपला गेलो होतो की. हरवलंय कुठे?" गेलो होतो हे खरं आहे. बसवाल्याने हळेबिडूला पाऊण तास दिला होता. २०२३मध्ये ती देवळं युनेस्कोच्या यादीतही आली. एका अर्थी क्लोईने नदीनला घेऊन एवढ्या उड्या मारण्यापेक्षा हासनहून बस धरली असती तर चाललं असतं, पण गेम लवकर संपला असता.

आता सह्याद्रीबद्दल. गेमचा सह्याद्री अतोनात सुंदर आहे. हिरव्या कड्यांवरून धबधबे कोसळतायत, ढगांतून उन्हाचे पट्टे उतरतायत, चिखलातून जीप घसरतेय. दहा मिनिटं मी नुसता जीप फिरवत बसलो. मग हळूहळू काहीतरी खटकायला लागलं. हा घाट ओळखीचा आहे, पण याच्यात कमी काय आहे? तर गर्दी. शनिवार असून एक माणूस नाही. पिठलं-भाकरीची पाटी नाही, मक्याची कणसं नाहीत, धबधब्याखाली ब्लूटूथचा स्पीकर नाही, वेफर्सचं रिकामं पाकीट नाही, पार्किंगची पावती फाडणारा पोरगा नाही. मी हरिहर गडाच्या त्या उभ्या पायऱ्यांवर एका रविवारी दीड तास रांगेत, पुढच्याच्या बुटाकडे बघत उभा राहिलेला माणूस आहे. क्लोई आख्खा डोंगर एकटीच्या नावावर असल्यासारखी वापरते.

आणि तिचं ते चढणं! कड्याच्या कपारीला एका हाताने लटकायचं, मग दुसऱ्या कपारीवर झेप. धरलेली कपार हातात निघून यायची, ती किंचाळायची, आणि खालच्या कपारीला बरोबर हात लागायचा. पहिल्या वेळी माझ्या पोटात गोळा आला. चौथ्या वेळी कळलं की कपार तुटणार हे ठरलेलंच आहे. सातव्या वेळी मी तिला म्हटलं, "बाई, तुझं वजन नाही, बांधकाम निकृष्ट आहे." होयसळांचं खरं बांधकाम आठ-नऊशे वर्षं उभं आहे. गेमचं बांधकाम मात्र एखाद्या टेंडरातून आल्यासारखं वाटतं.

कोडी सोडवताना हिची फार मदत झाली. परशुरामाचा परशू, गणपतीचा दात कसा तुटला, शंकराने दिलेल्या परशूचा मान राखण्यासाठी गणपतीने तो वार मुद्दाम दातावर कसा घेतला, हे क्लोई नदीनला गंभीरपणे समजावते, तेव्हा भाजी निवडता निवडता हिने दोन वाक्यं आधीच गोष्ट संपवलेली असे. बहुधा पहिल्यांदाच असं झालं असेल की जपानी यंत्रावरच्या अमेरिकन खेळाचं उत्तर आजीच्या कहाण्यांतून आलं. तेवढाच भाग मला कळला. बाकी वेळ क्लोई प्राचीन शिल्पांआड लपून गोळ्या झाडते आणि समोरचेही झाडतात. प्रत्येक गोळीला एखादा खांब नाहीतर कोपरा उडतो. पुरातत्त्व खात्याचा एकही पहारेकरी तिकडे फिरकत नाही. निळ्या पाटीवरचा 'या वास्तूस हानी पोहोचवणे हा गुन्हा आहे' हा मजकूर तरी कुठेतरी हवा होता.

(एक खंत इथेच सांगून टाकतो. पुण्यातच 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाच्या चमूने २०२०मध्ये 'राजी' हा गेम काढला. राक्षसांनी पळवलेल्या गोलू नावाच्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी आणि वरून तिच्याबद्दल बोलणारी दुर्गा आणि विष्णू. पुतण्याने मोबाइलवर त्याची चित्रं दाखवली होती. तो आमच्या तीन डब्यांत नव्हता. पुण्यातून भाड्याने आलेल्या पिशवीत नॉर्वे, कर्नाटक आणि जपान होतं. पुणं नव्हतं.)

जपान ही तिसरी सीडी. 'सेकिरो', २०१९. हा गेम लावला शनिवारी रात्री साडेनऊला आणि इथून माझा अधःपात सुरू झाला.

याने पातळी विचारली नाही. गोष्ट देणं वगैरे प्रकार नाही. एकच पातळी, सगळ्यांना तीच. सुरुवातीलाच माणूस विहिरीच्या तळाशी बसलेला. तिथून बाहेर काढून, एका छोट्या सरदारपुत्राला वाचवून, चांदण्यातल्या गवताच्या माळावर आलो तर समोर गेनिचिरो नावाचा तलवारबाज. त्याने आठ-दहा सेकंदांत माझा डावा हात उडवला. मी पुतण्याला फोन लावला. तो अभ्यास सोडून हसायला लागला. "काका, तो हात जातोच. तुम्ही जिंकलात तरी जातो. तिथे गेममध्येच तसं लिहिलंय." जिंकलं तरी हात जातो! कॉन्ट्रात तीन लाईफ असत, तीन मेल्या की संपलं, हिशेब स्वच्छ. इथे हिशेबाची सुरुवातच अपहारापासून.

मेलं की पडद्यावर मोठं लाल जपानी अक्षर उमटतं. त्याचा अर्थ 'मृत्यू'. शनिवार रात्र आणि रविवार सकाळ मिळून ते मी इतक्यांदा पाहिलं की आता जपानी भाषेतलं एक अक्षर मला लिहिता येतं. पहिलाच सेनापती कावाराडा. पायऱ्या चढून गेलं की उभा असतो. पडद्यावर त्याच्या नावापाशी दोन लाल ठिपके, म्हणजे तो दोनदा मारावा लागतो. पहिल्यांदा मारल्यावर मी रिमोट टेबलावर ठेवून हिला हाक मारली. ही येईपर्यंत तो उठला होता आणि मी पडलो होतो.

या गेममध्ये नुसती तलवार चालवून भागत नाही. समोरच्याचा वार येईल त्या क्षणाला आपली तलवार आडवी धरायची. बरोबर धरली तर खण्ण असा आवाज येतो, ठिणगी उडते. ही भजनी मंडळात टाळ धरते. ती पाच मिनिटं उभी राहून नुसतं ऐकत होती, मग म्हणाली, "तुमचा नेहमीचा दोष. समेच्या आधी टाळी देताय." आणि झोपायला गेली. मी लयीत खेळून पाहिलं. त्यानंतर मी बरोबर समेवर मेलो.

एक गोष्ट मला नंतर कळली आणि मन जरा शांत झालं. व्हिडिओ गेम आणि भाडेकरू यांचं वैर जुनं आहे. जपानमध्ये कायद्यामुळे हा भाड्याचा धंदा रुजलाच नाही. अमेरिकेत ब्लॉकबस्टरसारख्या व्हिडिओ लायब्रऱ्या गेम भाड्याने देऊ लागल्या तेव्हा निन्टेन्डो चिडली. भाड्याने देणं बंद पाडता येईना, म्हणून १९८९मध्ये तिने ब्लॉकबस्टरवर खटला भरला, तो खेळाच्या माहितीपुस्तिकेच्या झेरॉक्स काढून वाटल्याबद्दल! घरमालकाला भाडेकरू काढता येत नाही, तेव्हा तो जिन्यात चपला का ठेवल्या यावरून सोसायटीत अर्ज देतो, तसंच हे. पुढे १९९४च्या 'लायन किंग' गेमची दुसरी स्टेज मुद्दाम अवघड केली होती, भाड्याने नेणाऱ्याला दोन दिवसांत पुढे जाता येऊ नये आणि त्याने गेम विकतच घ्यावा म्हणून, असं तो करणाऱ्यांनीच पुढे सांगितलं. हे वाचल्यावर माझा कावाराडाबद्दलचा राग ओसरला. हा माणूस वसुलीवर नेमलेला आहे.

रविवारी दुपारी माझ्या हातून जे घडलं ते लिहायचं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला.

यंत्र सुरू करताना पडद्यावर 'कोण खेळणार' असं विचारतं आणि नावं दाखवतं. त्यात पुतण्याने फोनवरून मला करायला लावलेलं माझं खातं होतं, दुकानाचं होतं, आणि एक घुबडाचं चित्र असलेलं तिसरं खातं होतं. म्हणजे आमच्या आधीचा भाडेकरू. घर सोडून गेलेल्या भाडेकरूने भिंतीत खिळा ठेवावा, तसं त्याने आपलं खातं तिथेच ठेवलं होतं. कुलूप नव्हतं. मी म्हटलं, नुसतं बघू. बिऱ्हाड बदलल्यावर आधीच्यांचं कॅलेंडर आपण बघतोच ना.

घुबडवाल्यांचा सेकिरो माझ्यापेक्षा अनेक योजनं पुढे होता. कावाराडा त्यांनी केव्हाच कापलेला. गाठीला पैसे भरपूर. जपानी नाणी, 'सेन' म्हणतात. तुटलेल्या हाताच्या जागी बसवलेल्या लाकडी हातात नाना हत्यारं. माझ्यासमोर त्यांचं सगळं संसारसाहित्य मांडलेलं होतं. मी रिमोट घट्ट धरून त्यांच्या सेकिरोला बाहेर काढलं. दहा पावलांवर मेलो. हा सेकिरो एकदा मेला की तिथेच उठू शकतो. मी उठलो, आणि दोन्ही वेळा तोच शिपाई मला मारून गेला. मग पुन्हा. मग पुन्हा. त्या दुपारी मी त्यांच्या नावावर किती वेळा मेलो ते मोजलेलं नाही.

सेकिरोत पुरतं मेलं की गाठीचे अर्धे पैसे जातात. मग उरलेल्यांचे अर्धे. घुबडवाल्यांनी जमवलेली शिल्लक माझ्या डोळ्यांदेखत सरकारी योजनेसारखी वाटेतच संपली. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण या गेममध्ये आणखी एक व्यवस्था आहे. तुम्ही वारंवार मरून वारंवार उठू लागलात, की त्याचा त्रास आजूबाजूच्या माणसांना होतो. त्यांना रोग लागतो. लक्षण काय, तर खोकला.

पडक्या देवळात एक म्हातारा मूर्तिकार बसलेला असतो, सतत बुद्धाच्या मूर्ती कोरत. मी परत परत मरून त्याच्यापाशी येत होतो, आणि एका फेरीला तो खोकताना ऐकू आला. ढासच होती ती. मी आवाज कमी केला. ही आतून म्हणाली, "अहो, खरंच खोकला झाला का तुम्हाला?" मी नाही म्हटलं. "मग कोण खोकतंय?" मी टीव्ही बंद केला.

ऑफिसात दोनदा खोटं खोकलो, त्याचं व्याज एका जपानी म्हाताऱ्याने भरलं. तेही माझ्या खात्यातल्या नव्हे, परक्याच्या. माझ्या स्वतःच्या खात्यात सगळे ठणठणीत असतील असं वाटत होतं. रात्री जाऊन पाहिलं तर तिथेही खोकला होताच.

सोमवारी पावणेदहाला यंत्र पुसलं, वायरी गुंडाळल्या, सीड्या डब्यांत घातल्या. तिसरी सीडी यंत्रातच राहिली होती, ती वेळेवर आठवली. दहा वाजता तोच मुलगा आला. त्याने रिमोटच्या काड्या फिरवून पाहिल्या, डबे उघडून पाहिले. "काही प्रॉब्लेम नाही ना सर?" मी त्याला खोकल्याबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण अनामत अजून त्याच्याकडे होती. म्हटलं, "सगळं उत्तम."

तेव्हा घुबडवाले, तुम्ही हे वाचत असाल तर एवढंच कळवायचं आहे. तुमचे पैसे गेले ते माझ्यामुळे, आणि देवळातले आजोबा खोकतायत तेही माझ्यामुळे. त्यावर औषध आहे, पुतण्याला विचारून घेतलंय. ड्रॅगनच्या रक्ताचा थेंब मिळवून देवळातल्या मूर्तीपाशी वापरायचा, सगळे एकदम बरे होतात. यंत्र आता पुन्हा दुकानात आहे. शक्य तितक्या लवकर भाड्याने घ्या. भाड्याचा अर्धा वाटा मी देईन.